गोधडीवरचा रस्ता

आज सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत गायब. काल संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या मिश्रा भाभींनी वाळत घातलेले स्वेटर दिसत होते. आज भाभी नाहीत, स्वेटर नाहीत, मजलाच नाही. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून दूधवाल्याच्या सायकलची घंटी आली आणि मागोमाग त्याचा आवाज, "दीदी, कोहरा आ गया." लाडाचा पाहुणा आल्यासारखा सांगत होता मेला. मी खाली जाऊन दूध घेतलं, वर आले आणि खिडकी लावून टाकली.

कोहरा आला म्हणजे रजया काढायच्या. दिवाणातून रजया काढताना अगदी तळाशी जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं हाताला लागतं. त्यात माझ्या आईची गोधडी आहे. ती मी दरवर्षी बाहेर काढते, झटकते, पुन्हा बांधते आणि पुन्हा तळाशी ठेवते. कुणाला पांघरायला देत नाही. एकदा आमच्या यांनी थंडी वाजते म्हणून ओढली होती, तर मी अशी काही अंगावर गेले की बिचारे नुसत्या चादरीवर झोपले. एअरफोर्समधून रिटायर झालेला माणूस, पण माझ्यापुढे काही चाललं नाही.

मला पूर्वी हे धुकं आवडायचं, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. यांच्या पोस्टिंगमुळे मी मिरजेहून लखनऊला आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात नुसती वेडी झाले होते. हातभर अंतरावरचं दिसू नये म्हणजे काय मजा! मीठ-मिरचीची चटणी लावलेली मुंगफली, शेगडीभोवती बसलेले चौकीदार, मफलरात गुंडाळलेली शाळेतली पोरं, त्यांच्या नाकातून निघणाऱ्या वाफा. इथेच घर घ्यायचं ठरलं, विकास नगरात घेतलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिला मी सकाळी सकाळी चौकात नेऊन मक्खन मलाई खायला घातली होती. दव पडलेल्या दुधाचा तो केशरी फेस, द्रोणात डोंगराएवढा दिसतो आणि जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. आईनं एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाली, "मंजू, पैसे कशाचे घेतले गं यानं? हवाच दिली की." तरी द्रोण चाटूनपुसून संपवला. घरी येऊन दादाला फोन करून सांगितलं की इथले लोक धुकंसुद्धा साखर घालून खातात.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अविनाश. आईचा अवी. त्याचा धंदा आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परदेशातून बोटीनं बंदरावर येणारी, कुठल्याच ट्रकमध्ये न मावणारी यंत्रं देशाच्या आत नेऊन पोहोचवायची, हे त्याचं काम. विमानाचे नि रॉकेटचे भाग बनवणारे कारखाने असतात, त्यांना लागणारी एकेक वस्तू घराएवढी. ती तोडून नेता येत नाही, आगगाडीच्या बोगद्यात मावत नाही. मग मोजता येणार नाहीत इतक्या चाकांच्या ट्रेलरवर ती चढवायची, पुढे एक ओढणारी गाडी, मागे एक ढकलणारी, आणि माणसाच्या चालीनं निघायचं. यात दादा सर्व्हेवाला. आधी सगळा रस्ता फिरून प्रत्येक पूल, प्रत्येक वायर, प्रत्येक फांदी मोजून यायची, आणि माल निघाला की त्याच्या पुढे राहायचं. त्याच्या जीपच्या नाकावर एक उंच काठी उभी बसवलेली असते, मालापेक्षा वीतभर उंच. काठी जिथे अडली तिथे सगळा लवाजमा थांबला. मग माणसं बांबू घेऊन वर चढणार, वायर उचलून धरणार, आणि खालून ते धूड हळूहळू सरकणार.

मोजायची खोड त्याला लहानपणापासूनची. आईच्या पोळपाटाला वीत घाल, माझ्या वेणीला वीत घाल, उंबऱ्याला घाल. एकदा घालून समाधान नाही, प्रत्येक माप दोनदा. पहिलं चुकलेलं असू शकतं म्हणे. आई म्हणायची, हा पोरगा शिंपी होणार. शिंपी झाला असता तर बरं झालं असतं, निदान दुकानात सापडला असता. हा कायम कुठल्या तरी हायवेवर. लग्न केलं नाही, मुली बघायला याला वेळ कुठे होता? सणावाराला फोनवरून नमस्कार.

एका दिवाळीला मात्र आला होता. माल वाटेत उभा होता, चार दिवस हालणार नव्हता, म्हणून आईनं गळ घातली आणि हा आला. पण मागे कुणाला तरी घाई झाली. दादाच्या जागी दुसऱ्यानं काठीची जीप पुढे घातली, आणि वायर उचलायला चढलेल्या एका माणसाला शॉक बसला. जीव वाचला, हात गेला. दादा फराळाच्या ताटावरून उठून गेला तो पुन्हा कधीच माल अर्ध्यात सोडून घरी आला नाही. आणि आईनंही त्याला कधी बोलावलं नाही. दोघांनी मिळून ठरवल्यासारखंच झालं ते. माल पोहोचव आणि मग ये, एवढंच ती म्हणायची. त्या माणसाच्या आईचं काय झालं असेल, असं मात्र मधूनच मला विचारायची, आणि मी काय सांगणार, कप्पाळ?

तर त्या वर्षी, माझी ईशा दहावीला होती तेव्हा, दादाचा मुंद्रा बंदरावरून फोन आला. आवाजातच उड्या मारत होता. आई, या वेळेला माल तुझ्याच गावाला येतोय. लखनऊच्या कडेला विमानाचे भाग करायचा नवा कारखाना उभा राहत होता, त्यासाठी एक भली मोठी आडवी पोलादी भट्टी आली होती. विमानाच्या पंखांचे थर तिच्यात घालून, दाब देऊन, भाजून घट्ट करतात. आईनं विचारलं, पंख भाजतात? पापडासारखे? दादा म्हणाला, अगदी तसेच. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या कोट्यवधीच्या यंत्राचं नाव पापडाची भट्टी पडलं.

आईचं हृदय तेव्हा दमलेलंच होतं. डॉक्टर म्हणाले होते, ठंड से बचाइए, बस ये सर्दी निकल जाए. ती दिवसभर पलंगावर, अंगावर ती गोधडी. तिच्याच जुन्या लुगड्यांची आणि बाबांच्या धोतरांची, मिरजेहून आणलेली. गोधडीवर पायापासून उशीपर्यंत उभ्या टाक्यांच्या ओळी होत्या. ईशानं त्यातली मधली ओळ धरली, पायाकडच्या टोकाला एक सेफ्टी पिन लावली आणि आजीला समजावून सांगितलं, "आजी, ये मुंद्रा. और ये तुम्हारा तकिया, मतलब लखनऊ. मामा रोज जितना चलेंगे, पिन उतनी आगे." आमची पोर मराठी सगळं समजते, बोलते हिंदी. आजी मराठीत विचारणार, नात हिंदीत उत्तर देणार, दोघींचं कधी अडलं नाही.

मग रोज संध्याकाळी दादाचा फोन आणि पिन सरकवायचा कार्यक्रम. आज पालनपूर. आज वाटेत एक जुना पूल, त्याच्या बाजूनं नदीच्या पात्रात कच्चा रस्ता टाकला. आज एका गावात लग्नाची वरात समोरून आली, नवरदेव घोड्यावरून उतरून आधी भट्टीबरोबर फोटो काढून गेला. आज टोल नाक्याची कडेची भिंत काढावी लागली. आज फक्त एक गाव. आई डोळे मिटून ऐकायची. कुठे वायर आहे आणि कुठे वळण आहे, तिला तोंडपाठ झालं होतं. अजमेर गेल्यावर तिनं मला सुनावलं की पिन थोडी जास्त पुढे गेलीय, मागे घे. मी म्हटलं, आई, कापडावरचा रस्ता आहे तो. ती म्हणाली, असू दे, पण खोटं नको.

तिची एकच इच्छा होती, आणि ती तिनं लपवली नाही. दादाचं काम तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ज्या कामानं पोरगा नेला ते काम एकदा डोळ्यांनी बघायचं होतं तिला. तो पुढे चालतोय आणि मागून ते धूड येतंय, असं. मी शिकवते त्या शाळेतल्या शुक्ला मॅडमचं घर कानपूर रोडला लागून आहे, माल त्याच रस्त्यानं येणार होता. त्यांच्या गच्चीवरून बघायचं ठरलं. आईची वेताची खुर्ची मी आधीच तिकडे नेऊन ठेवली. तिला वर कसं न्यायचं, कोणी कुठे धरायचं, सगळं ठरलं. आईनं कोणती साडी नेसायची तेही ठरवून, ती काढून उशाशी ठेवली. मी चिडवलं, म्हटलं, भट्टीला बघायला जातेयस की भट्टी तुला बघायला येतेय? ती लाजली. खरंच लाजली.

या सगळ्यात आमच्या घरातलं अंतराचं मापच बदलून गेलं, आणि ते आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. एरवी मी कानपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते. पण दादा कानपूरला पोहोचला त्या दिवशी आई म्हणाली, अजून बरंच लांब आहे गं, आणि मी म्हटलं, हो ना, बरंच लांब आहे. यांनीही मान हलवली. फोनवर दादा म्हणाला, आता काय, एकदा गंगा ओलांडली की उन्नाव, मग सरळच आहे, संक्रांतीच्या आसपास येतो. आम्ही सगळे त्या ट्रेलरच्या चालीनं विचार करायला लागलो होतो. अवजड होती ती भट्टी होती. दादा नव्हता. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही.

गंगा ओलांडली, उन्नाव गाठलं, आणि धुकं पडलं.

असं धुकं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुपारीसुद्धा दिवे लावून गाड्या चालत होत्या. आगगाड्या कुठे कुठे उभ्या राहिल्या होत्या. शाळांना सुट्टी झाली. असल्या हवेत तसला माल रस्त्यावर आणायला पोलीस परवानगी देईनात, आणि बरोबरच होतं त्यांचं. उन्नावबाहेर एका ढाब्याशेजारच्या मोकळ्या जागेत भट्टी उभी करून ठेवली. दादाचा रोजचा फोन. आज नाही, उद्या सकाळी धुकं उठेल बहुतेक. उद्या पुन्हा तेच. यादवजी म्हणून त्यांचा मुख्य ड्रायव्हर होता, तो म्हणे रोज पहाटे ढाब्याबाहेर येऊन आकाशाकडे बघायचा आणि शिव्या देऊन पुन्हा झोपायचा. आईला ते ऐकून हसू यायचं, पण हसलं की धाप लागायची.

पिन जागच्या जागी. एका दुपारी ईशानं आजीला बरं वाटावं म्हणून ती हळूच थोडी वर सरकवली. आईचा डोळा लागलाय असं वाटलं होतं, पण नव्हता. "खोटं पुढे न्यायचं नाही, बाळा," एवढंच बोलली आणि स्वतःच्या हातानं पिन काढून पुन्हा होती तिथे लावली. संक्रांत आली. इथले लोक तिला खिचडी म्हणतात, शेजारून तिळाचे लाडू आणि खिचडीचं सामान आलं. आईनं दादाच्या वाटणीचे लाडू एका डब्यात काढून ठेवायला लावले.

ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणलं होतं, त्याची घरघर दिवसभर. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दादा फोनवर नेहमीसारखा बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "आई, मी येऊ का?"

मी फोन तिच्या तोंडाशी धरला होता. तिनं नळी नाकातून बाजूला केली, कारण नळीनं आवाज बारीक येतो असं तिला वाटायचं. म्हणाली, "आता इतक्या जवळ आलायस. घेऊनच ये."

तो बरं म्हणाला. मीही बरं म्हटलं. मला तर त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही, उलट आईचा अभिमानच वाटला. जळो तो अभिमान.

ती त्यानंतरच्या एका पहाटे गेली. मशीनचा गजर नाही, घुसमट नाही. मी चहा ठेवून आत आले तर मशीन चालू होतं आणि ती नव्हती. हात गोधडीवर होता. मी मशीन बंद केलं. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की घर एकदम रिकामं झालं. यांनी मला धरून बसवलं, ईशा भिंतीला टेकून रडत होती. मग मी दादाला फोन लावला. बोलायचं बरंच काही होतं, पण तोंडातून "दादा, ये" एवढंच निघालं.

मग शेजारच्या बायका आल्या, सामान आणायला माणसं गेली, गुरुजींना फोन झाले. आईला आंघोळ घालायचीसुद्धा व्हायची होती. मी यांना म्हणत होते की दादाला यायला वेळ लागेल, तोवर बर्फाचं काही बघावं लागेल का. आणि दारात दादा उभा.

मला आधी कळेचना. डोक्याला माकडटोपी, पापण्यांवर पाणी, धुक्याचं की कशाचं देव जाणे. खाली गल्लीत आरडाओरडा चालला होता. त्याच्या जीपवरची ती उंच काठी आमच्या गल्लीतल्या केबलच्या वायरींत अडकली होती, आणि आयुष्यभर काठी अडली की थांबणारा माझा भाऊ जीप तशीच रस्त्यात टाकून पळत आला होता. कोहरा तसाच होता. उठला बिठला काही नव्हता. त्याच कोहऱ्यातून, त्याच रस्त्यानं, तो सकाळच्या सकाळी येऊन पोहोचला होता.

भैंसाकुंडाच्या स्मशानात सगळं झालं. आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. या धुक्याला काही लाजलज्जा असती तर आणखी महिनाभर तरी राहिलं असतं. यादवजींचा फोन आला, भैया, तेरह दिन हम रुक जाएँगे, आप घर सँभालिए. दादा म्हणाला, नाही, आईनं घेऊन ये म्हटलंय. मुंडण केलेल्या डोक्यावर मफलर गुंडाळून तो परत गेला.

तो माल कानपूर रोडनं आला त्या दिवशी मी आणि ईशा शुक्ला मॅडमच्या गच्चीवर उभ्या होतो. सुतकात कुणाच्या घरी जाऊ नये, पण शुक्ला मॅडमनीच हाताला धरून वर नेलं. खुर्ची तिथे ठेवलेलीच होती. आम्ही बसलो नाही तिच्यावर. आधी काठी दिसली, मग जीप, मग जीपच्याही पुढे पायी चालणारा दादा, हातात लाल झेंडा. आणि मागून ते. ताडपत्रीत गुंडाळलेलं, रस्ता भरून, इतकं सावकाश की कडेची माणसं शेंगा खात खात त्याच्याबरोबर चालत होती. गच्चीखाली आल्यावर दादानं वर पाहिलं. आमच्याकडे नाही, खुर्चीकडे. झेंडा किंचित वर केला आणि पुढे गेला. सगळं समोरून निघून जायला इतका वेळ लागला की ईशा मला बिलगून म्हणाली, "आजी को सब दिख जाता, मम्मी. आराम से."

त्या कारखान्यात आता विमानाचे पंख भाजतात. ईशा बंगळुरूला नोकरीला आहे, विमानानं येते-जाते, आणि विमान उतरताना मला मेसेज करते की आजीच्या पापडावर बसून आले. मी हसते. दादाही आता मधेच केव्हाही येऊन धडकतो. दोन दिवसांची फट मिळाली की हैदराबादहून, नागपूरहून, कुठूनही. सांगत नाही, विचारत नाही. जेवतो, आईच्या खोलीत झोपतो, जातो. मी पहिले पहिले रागावायचे, एवढ्यासाठी कशाला आलास म्हणून. आता नाही म्हणत. ज्याच्यासाठी यायचं ते तर गेलं, आता ये बाबा किती यायचं तेवढं.

आणि गाठोड्यातली ती गोधडी. पिन अजून तिथेच आहे, गंजली, कापडावर तांबूस डाग पडलाय. काढवत नाही.

ज्या दिवशी आईला पोहोचवून आलो त्या संध्याकाळची गोष्ट. दादा तिच्या पलंगाजवळ उभा होता. मी गोधडीची घडी करायला घेतली, तर त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा पलंगावर नीट अंथरली, उशीपर्यंत. पिनेबद्दल त्याला फोनवरून माहीत होतं, पाहिली नव्हती कधी. त्यानं खाली वाकून अंगठा पिनेवर टेकवला आणि वीत उघडली. करंगळी उशीच्या पलीकडे गेली.

"मंजू," तो म्हणाला, "एवढंच होतं गं."

मग त्यानं हात उचलला, आणि पहिलं माप चुकलं असेल म्हणून, पुन्हा एकदा वीत ठेवून बघितली.